मदत हवी आहे: १२५ सीसीच्या गाडीवर फोन आणि डॅशकॅमला करंट कुठून घ्यावा?

नमस्कार मंडळी,

गाडी १२५ सीसीची, बीएस-६, फ्युएल इंजेक्शनवाली. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर तिसऱ्या प्रतिसादापासून धागा मायलेजवर जातो. मी एमआर (औषध कंपनीचा प्रतिनिधी) आहे. फिरती कोल्हापूरहून गारगोटी, आजरा, चंदगड, अधूनमधून आंबोली. पावसाळ्यात गाडी कोरडी असते ती फक्त रात्री पार्किंगमध्ये.

नकाशा आणि कंपनीचं रिपोर्टिंगचं ॲप एकाच फोनवर, त्यामुळे दुपारपर्यंत फोन मान टाकतो. शिवाय आता डॅशकॅम (रस्ता रेकॉर्ड करणारा कॅमेरा) घ्यायचाय. दोन्हीला पुरेल असं एकदाच पक्कं वायरिंग करून टाकायचं आहे.

सध्या हँडलवर एक यूएसबी सॉकेट आहे, व्होल्ट दाखवणारं, निळ्या एलईडीचं. ते एका दुकानात बसवून घेतलं होतं. परवा सीट काढून पाहिलं तर प्लस-मायनस दोन्ही थेट बॅटरीला. मध्ये फ्यूज नाही, किल्लीशी काही संबंध नाही, वायर स्पीकरला वापरतात तसली बारीक आणि टाकीखाली फ्रेमला घासत गेलेली. सुट्टीत गावी जाऊन आलं की सेल्फ नुसता टक-टक करतो. मल्टिमीटर लावून पाहिला: किल्ली बंद असताना सॉकेट २२ मिलिअँपिअर खातंय, सॉकेट काढलं की आकडा जवळजवळ शून्य. बॅटरीवर १२ व्होल्ट, ४ एएच (अँपिअर-अवर, म्हणजे बॅटरीची क्षमता) असं छापलंय.

आता प्रश्न:

किल्लीवर चालू-बंद होणारी वायर कुठली पकडू? रिले (छोट्या करंटवर मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) लावायचा की एवढ्याशा लोडला गरज नाही? फ्यूज किती अँपिअरचा? आणि मुख्य म्हणजे ४ एएचच्या बॅटरीला हे सगळं झेपेल का? मूळ हार्नेस (कंपनीच्या वायरींचा जुडगा) कापायचा नाही, वॉरंटी बाकी आहे. डाग देता येतो, घरी सोल्डरिंगची इस्त्री आहे.

गंजका_नट:

सगळ्यात आधी ते सॉकेट बॅटरीवरून काढा. आजच. सेल्फ राहू द्या बाजूला, बिनफ्यूजची वायर फ्रेमला घासतेय हे जास्त वाईट आहे. इन्सुलेशन झिजून तांबं फ्रेमला लागलं की बॅटरीचा सगळा जोर त्या वायरीतून जाणार, आणि वर पेट्रोलची टाकी.

सेल्फचं कोडंही सुटलेलंच आहे. २२ मिलिअँपिअर गुणिले २४ तास म्हणजे दिवसाला अर्ध्या एएचच्या वर. ४ एएचची बॅटरी आठवड्याभरात झोपते, आणि सेल्फ तर त्याच्या खूप आधी हात वर करतो. बॅटरीचा दोष नाही, नवी घ्यायला धावू नका.

लोडचा हिशेब: फोन ५ व्होल्ट २ अँपिअर म्हणजे १० वॉट, डॅशकॅम धरा ५ वॉट. चार्जरमध्ये थोडं वाया जाणार, म्हणून १८ वॉट पकडा. १३.५ व्होल्टला हे जेमतेम १.३ अँपिअर होतं. गाडी पळत असताना सहज झेपतं. प्रश्न येतो तो सिग्नलला, कारण आयडलला (रेस न देता इंजिन नुसतं चालू) मॅग्नेटो, म्हणजे इंजिनवर फिरून वीज बनवणारा भाग, कमी देतो आणि एप्रिल २०१७ पासूनच्या नियमाने हेडलाइट तर कायम चालूच. इंजिन चालू, हेडलाइट चालू, फोन चार्जिंगला, अशा वेळी बॅटरीच्या टोकांवर व्होल्ट मोजा. आयडलला १३ च्या आसपास आणि रेस दिल्यावर १४ च्या वर गेला तर निर्धास्त राहा. आयडलला १२.४ वगैरे दिसलं तर गर्दीत फोन चार्जिंगवरून काढायची सवय लावा. आणि फास्ट चार्जिंग गाडीवर नको, साधं २ अँपिअर पुरे.

घाटरस्ता:

रिले लावाच. बॅटरीच्या प्लसवरून फ्यूज, तिथून रिलेची ३० नंबरची पिन. ८७ वरून सॉकेट आणि डॅशकॅम. ८६ ला किल्लीवरची वायर, ८५ मायनसला. यात मूळ हार्नेसवर भार फक्त रिलेच्या कॉइलचा पडतो, १५०-एक मिलिअँपिअर. उद्या कुठे शॉर्ट झालंच तर तुमचा फ्यूज उडेल, गाडीचा नाही. इंजेक्शनच्या गाडीचा मेन फ्यूज चंदगडच्या जंगलात उडाला तर किक मारूनही उपयोग नाही, पेट्रोलचा पंप आणि ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) दोन्ही त्याच्यावर.

फ्यूज ५ अँपिअर, बॅटरीच्या प्लसपासून वीतभराच्या आत. लोकांना वाटतं फ्यूज चार्जर वाचवायला असतो. तो वायर वाचवायला असतो, म्हणून तो वायर सुरू होते तिथेच हवा. वायर ०.७५ स्क्वेअर एमएमची मल्टिस्ट्रँड तांब्याची घ्या, ५ अँपिअरला निवांत आहे. मायनस फ्रेमच्या रंगवलेल्या स्क्रूला नको, सरळ बॅटरीच्या मायनसला न्या.

दुपारचा_चहा:

१.३ अँपिअरला रिले म्हणजे जरा जास्तच होतंय राव. पण इंजेक्शनचा मुद्दा पटला, म्हणून वाद घालत नाही.

किल्लीवरच्या वायरीबद्दल: पुढच्या ब्रेकच्या स्विचला दोन वायरी येतात. बहुतेक गाड्यांत त्यातली एक किल्ली फिरवली की जिवंत होते, दुसरी ब्रेक दाबल्यावर. पहिली पकडा, हँडलजवळच मिळते. रंगावर जाऊ नका, मीटर लावून खात्री करा. हेडलाइटची वायर मात्र मीटर न लावता अजिबात पकडू नका. जुन्या छोट्या गाड्यांत हेडलाइट थेट मॅग्नेटोच्या एसीवर असायचा. तिथे रिले नुसता तडतडतो आणि चार्जर जळतो. ईसीयू, सेन्सर आणि पंपाच्या कनेक्टरांपासून लांब राहा.

हार्नेस न कापता करायचं तर ब्रेक स्विचच्या थिंबलवर (वायरीच्या टोकाच्या पत्र्याच्या क्लिपवर) मागून जोड देणारी टी मिळते. निळी चिमटी येते ना, वायरीत दात घुसवणारी, ती घेऊ नका. तुमच्याकडच्या पावसात एका मोसमात हिरवी होते.

धागाकर्ता:

सगळ्यांचे आभार. सॉकेट काढून ठेवलंय. एक शंका: चार्जर सीटखाली कोरड्यात ठेवून तिथून लांब यूएसबी केबल हँडलपर्यंत आणली तर? पाण्याचा प्रश्नच मिटेल.

गंजका_नट:

पाण्याचा मिटेल, चार्जिंगचा उभा राहील. ५ व्होल्टला लांब वायर परवडत नाही. साध्या यूएसबी केबलमधली तार केसासारखी असते. दीड मीटर जाऊन २ अँपिअर ओढायला गेलं की वाटेतच एखादा व्होल्ट गळतो. मग फोन चार्जिंगची खूण दाखवतो आणि टक्के मात्र उतरत राहतात. १२ व्होल्ट हँडलपर्यंत न्या, ५ व्होल्ट तिथेच बनवा.

सॉकेटचं तोंड खाली, रबरी झाकणासकट. वायर सॉकेटमध्ये शिरण्याआधी खाली एक झोळ सोडा म्हणजे पाणी तिथून ठिबकतं, वायर धरून आत जात नाही. जोडांवर डाग द्या, वर हीट श्रिंक (गरम केलं की आवळणारी नळी). पण जिथे वायर हलते तिथे डाग नको, कारण डागाच्या कडेला वायर कडक होते आणि तिथेच तुटते. टेप मारण्याआधी हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून बघा, वायर ताणत नाही ना.

घाटरस्ता:

थोडं विषयांतर. फोन हँडलला घट्ट बांधणार असाल तर डॅम्पर असलेला माउंट घ्या. मोटरसायकलच्या कंपनाने कॅमेऱ्याचं स्थिरीकरण बिघडू शकतं, असा इशारा ॲपलने २०२१ मध्येच दिला होता. एमआरचा फोन, रिसीटचे फोटो काढायचे असणार.

धागाकर्ता:

झालं काम. रिले, ५ अँपिअरचा फ्यूज, रिले चालू करणारी किल्लीवरची वायर ब्रेक स्विचवरून. किल्ली बंद असताना मीटरवर आता काहीच दिसत नाही. आयडलला १३.१, रेस दिल्यावर १४.२. पावसात पण चालवून आलो, फोन आजऱ्याहून निघताना होता त्याहून भरलेला घरी आला.

डॅशकॅमच्या खोक्यावर पार्किंग मोड लिहिलाय. गाडी उभी असताना पण रेकॉर्डिंग करतो म्हणे. त्यासाठी वेगळी वायर रिले वगळून थेट बॅटरीवर मागतोय. देऊ का?

दुपारचा_चहा:

पाव अँपिअर जरी खाल्लं तरी दहा तासांत अडीच एएच. चार एएचची बॅटरी, सकाळी ढकलत निघायची तयारी असेल तर द्या. नाहीतर ती वायर गुंडाळून टेप मारून ठेवा, आणि टोक उघडं राहणार नाही ते बघा.