पाणी आलं की कळवा: मोबाइलवरची मैत्री, दारातली मैत्री (सोलापूरकरांचे अनुभव)

धागा सुरू करणारी

आमच्या सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही. चार-पाच दिवसांआड येतं, तेही कधी रात्री दोनला. पूर्वी ज्याला आधी जाग येईल तो जिन्यातून ओरडायचा, "पाणी आलंऽऽ!" मग पिंप, हंडे, बादल्या भरेपर्यंत तासभर जिन्यातच बैठक. समोरच्या काकूंच्या मुलाचं लग्न मोडलं, दुसरं ठरलं, नातू झाला, सगळं मी तिथं ओल्या पायांनी ऐकलंय.

आता इमारतीचा ग्रुप आहे. "पाणी आलंय" असा मेसेज पडतो, खाली आठ-दहा अंगठे उमटतात आणि जो तो आपल्या घरात मोटर लावतो. ही सोय मोठी आहे, ती सोडा असं मी कुणाला म्हणणार नाही. पण मागच्या उन्हाळ्यात काकूंच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि मला ते तीन आठवड्यांनी कळलं. आमच्या दोन दारांत आठ फुटांचं अंतर आहे! मला फार लागलं ते. तेव्हापासून पाण्याच्या रात्री मी मेसेज बघते आणि जाऊन काकूंचं दार वाजवते.

तुम्ही हे कसं जमवता? उपदेश नको, घडलेलं लिहा.

बाळीवेसकर

मी नऊ वर्षं पुण्यात आहे. शाळेच्या ग्रुपवर सकाळी पहिला "नमस्कार" माझाच असायचा, त्यामुळे मैत्री टिकली आहे असंच मी समजत होतो. गड्ड्याला, म्हणजे जानेवारीतल्या सिद्धेश्वर यात्रेला, सुट्टी मिळायची नाही. यात्रेतला अक्षता सोहळा तीन वर्षं ऑफिसच्या जेवणाच्या सुट्टीत मोबाइलवर पाहिला आणि "हर्र बोला हर्र" टाइप करून हात जोडले.

मग एका डिसेंबरात वर्गमित्राचा फोन आला. मेसेज नाही, फोन. "काठीच्या सरावाला माणसं कमी पडलालेत बे. येलालास का?"

काठी म्हणजे नंदीध्वज, यात्रेच्या मिरवणुकीत पेलून नेतात ती उंच काठी. असे नंदीध्वज सात. त्यांचा सराव यात्रेच्या कितीतरी आधी सुरू होतो. काठी पेलणारा एक असला तरी तोल जरा गेला की सावरायला चहूबाजूंनी हात लागतात. शनिवारी संध्याकाळी हुतात्मा एक्स्प्रेस पकडायची, रविवारी सराव करायचा आणि रात्री परत निघायचं. असे पाच रविवार गेलो. सरावात मनातलं कुणीच बोलत नाही. "धर", "सोड", "मागं ये", एवढंच. पण चौथ्या रविवारी स्टेशनवर सोडायला आलेल्या मित्रानं गाडी बाजूला घेतली आणि सांगितलं की घरचे यंत्रमाग विकले. दीड वर्षापूर्वी. त्या दीड वर्षात आम्ही ग्रुपवर रोज बोलत होतो.

अमेरिकेतल्या कॅन्सस विद्यापीठातल्या जेफ्री हॉल यांचा 2018 मधला एक अभ्यास नंतर वाचनात आला. नुसत्या ओळखीतून वरवरची मैत्री व्हायला एकत्र घालवलेले साधारण 50 तास लागतात आणि जिवलग मैत्रीला 200 हून जास्त, असा त्यांचा अंदाज आहे. तो अभ्यास नव्या ओळखींचा. पण जुन्या मैत्रीलाही तास द्यावे लागतात, हे मला त्या पाच रविवारांनी शिकवलं. यंदा रजेचा अर्ज नोव्हेंबरातच दिलाय.

पूर्व भागातली

माझं थोडं वेगळं आहे, म्हणून लिहिते. आई विड्या वळते, दिवसाला हजाराच्या आसपास. दुपारी गल्लीतल्या चौघी-पाचजणी सुपं घेऊन आमच्या ओट्यावर येतात. पान कापणं, तंबाखू भरणं, दोरा बांधणं, बोटं थांबत नाहीत आणि तेलुगूतल्या गप्पाही थांबत नाहीत. बघणाऱ्याला वाटेल, मैत्री असावी तर अशी.

मला लहानपणापासून कमी ऐकू येतं. चौघी एकदम बोलल्या की मला नुसते ओठ हलताना दिसतात. सगळ्या हसल्या की मीही हसायचे, कशाला ते न कळता. वीस वर्षं मी त्या ओट्यावर अशी बसले.

क्रोशाच्या एका ग्रुपवर नांदेडची मैत्रीण भेटली. लिहून बोलण्यात मी कुणाच्या मागे नसते, उलट मी विनोदी आहे हे मला तिथं पहिल्यांदा कळलं! चार वर्षं आम्ही रोज लिहितोय. गेल्या वर्षी ती सोलापूरला आली. स्टेशनवर दोघी इतक्या बुजलो की शेजारी उभ्या राहून एकमेकींना मोबाइलवरच लिहीत होतो. मग तिनं पिशवीतून अर्धवट विणलेला रुमाल काढला आणि चुकलेल्या टाक्यावर बोट ठेवलं. तिथंच बाकावर बसून मी तो उसवला. घरी आईनं तिला कडक भाकरी आणि शेंगाचटणी बांधून दिली.

तेव्हा "खरी मैत्री" आणि "मोबाइलवरची मैत्री" अशी विभागणी कृपा करून करू नका. माझी खरी मैत्री मोबाइलवरच सुरू झाली.

एक निवृत्त शिक्षक

संभाजी तलावाकडे रोज सकाळी फिरायला जाणारे आम्ही पाच जण. निवडणुकीच्या दिवसांत एकानं ग्रुपवर काहीतरी फॉरवर्ड केलं, मी रात्री अकराला तिखट उत्तर लिहिलं, आणि आठ महिने आम्ही तलावाच्या उलट्या बाजूंनी फिरलो. पस्तीस वर्षांची मैत्री आमची. समोरासमोर असतो तर ते वाक्य माझ्या तोंडून निघालंच नसतं, त्याचा चेहरा बघून मी थांबलो असतो.

थंडीत त्याच्या शेतावर हुरडा असतो. यंदा बोलावणं नव्हतं, तरी गेलो. तो आगटीशी बसला होता. काही बोलला नाही. भाजलेलं कणीस तळहातावर चोळलं, फुंकर मारून कोंडा उडवला आणि पहिली मूठ माझ्या हातावर ओतली. दाणे चटका बसण्याइतके गरम होते.

आता राजकारण फक्त चालताना बोलायचं, लिहायचं नाही, असं ठरलंय. भांडतो अजून, पण नंतर चहा एकत्रच होतो.

माहेर विदर्भ

थोडक्यात लिहिते. लग्न होऊन इथं आले तेव्हा माहेरची एकच मैत्रीण ऑर्कुटवर होती. 30 सप्टेंबर 2014 ला ऑर्कुट बंद झालं. आज-उद्या करत मी तिचा नंबर घेतला नव्हता. अजून सापडली नाही. आता जवळच्या प्रत्येकीचा पत्ता आणि नंबर वहीत शाईनं लिहून ठेवते आणि दिवाळीआधी एकेकीला फोन करते.

धागा सुरू करणारी

पूर्व भागातल्या ताई, तुमचं लिहिणं मी दोनदा वाचलं आणि काल काकूंना सरळ विचारलं. जिन्यातली हाक त्यांनाही गेली कित्येक वर्षं नीट ऐकू येत नव्हती म्हणे. आमच्या दाराच्या फटीतून उजेड दिसला की त्या उठायच्या. ग्रुप झाल्यावर नातू मेसेज वाचून उठवतो, त्याचं त्यांना बरं वाटतं. आणि मी उगाच हाकेच्या आठवणी काढत बसले होते.

काल पावणेतीनला पाणी आलं. आधी नातवाला मेसेज केला, मग जिन्यातला दिवा लावून त्यांच्या दारात उभी राहिले. काकू हंडा घेऊनच बाहेर आल्या.