'भागीदार', 'उक्तं' की 'कामगार'?

ॲपवर गाडी चालवणाऱ्याला कंपन्या 'पार्टनर' म्हणतात आणि मराठीत त्याचा सरळ 'भागीदार' होतो. हा शब्द मला पटत नाही. १९३२च्या भारतीय भागीदारी कायद्यात भागीदार म्हणजे धंद्याचा नफा वाटून घ्यायचं ठरवलेली माणसं. चालकाला नफ्यातला वाटा नसतो. भाड्यातून कमिशन कापून उरेल ते त्याचं.

मग 'उक्तं काम' म्हणावं का? विहीर खणायची, घर रंगवायचं, तर काम उक्तं दिलं जातं. रक्कम एकदा ठरली की रोजाचा हिशोब नाही. ॲपवरच्या अशा कामाला इंग्रजीत 'गिग' म्हणतात; त्याला याहूनही जवळचा शब्द 'सुपारी'. गिग हा वादकांच्या बोलीतला शब्द, एका कार्यक्रमापुरत्या कामाचा. आणि तमाशाचे फड, बँडवाले कार्यक्रमाची सुपारीच घेतात. (खुनाच्या बातम्यांनी या शब्दाची पार रया घालवली, याचं वाईट वाटतं.)

पण उक्तं घेणारा काय किंवा सुपारी घेणारा काय, आपला आकडा स्वतः सांगतो, घासाघीस करतो. ॲपवर ती सोय नाही. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने १९ फेब्रुवारी २०२१ रोजी उबरच्या खटल्यात यावरच बोट ठेवलं: भाडं कंपनी ठरवते, कराराच्या अटी तीच लिहिते, फेऱ्या नाकारणाऱ्याला ती चाप लावते. चालक 'वर्कर' ठरले. किमान वेतन आणि पगारी रजा त्यांच्या हक्काची झाली. ॲप चालू ठेवून फेरीची वाट पाहण्याचा वेळही कामाचा धरला गेला.

या 'वर्कर'चं भाषांतर 'कर्मचारी' करू नये. तिथल्या कायद्यात 'एम्प्लॉयी' ही वेगळी, जास्त हक्कांची पायरी आहे आणि हे चालक त्या पायरीवर गेलेले नाहीत. 'कामगार' बरोबर.

आपल्या २०२०च्या सामाजिक सुरक्षा संहितेतल्या 'गिग वर्कर'लाही आपण 'गिग कामगार' म्हणतो. व्याख्या मात्र त्याला पारंपरिक मालक-नोकर नात्याबाहेरचा ठरवते. त्याच्यासाठी योजना आहेत, पण किमान वेतनाचा हक्क त्या व्याख्येतून मिळत नाही. 'कामगार' या शब्दामागे एवढा लढा उभा असताना तो असा पोकळ वापरला जावा, हे मला फार लागतं.

राहिला 'ॲग्रिगेटर', म्हणजे ॲप चालवणारी कंपनी. त्याला 'मध्यस्थ' म्हणू नये. मध्यस्थ दोघांची गाठ घालून देतो, सौदा ते दोघे करतात. माणसं जमवणारा, काम वाटून देणारा आणि त्यावर कमिशन घेणारा, त्याला मराठीत 'मुकादम' म्हणतात.