येळवस की वेळ अमावस्या?

मांजराकाठ: एका मासिकाला आमच्या येळवशीवर, म्हणजे मार्गशीर्ष अमावस्येला रानात होणाऱ्या सणावर, लेख दिला होता. तिथून सगळीकडे ‘वेळ अमावस्या’ करून परत आला. येळवस म्हणे अशुद्ध. लातूरकडे घरात तर कुणी ‘वेळ अमावस्या’ म्हणत नाही. मूळ शब्द कोणता?

प्रमाणप्रेमी: छापताना प्रमाण रूपच हवं. खेड्यात वेळचं येळ होतं, वेशीची येस होते. म्हणून तसं छापायचं का? बोली लेखातल्या संवादात शोभते, शीर्षकात नाही.

भालकीची लेक: इथे उलटं झालंय. आमच्या बिदरकडे कन्नडमध्ये हिला ‘एळ्ळ अमावास्ये’ म्हणतात. एळ्ळु म्हणजे तीळ. बोलताना ‘ए’चा ‘ये’ होतो. ते ‘येळ’ ऐकून कुणीतरी शुद्ध करायला गेलं आणि ‘वेळ’ झालं. उदगीर, निलंगा १९५६ पर्यंत बिदर जिल्ह्यातच होते. तिळाची पोळी उगाच नसते त्या दिवशी.

रब्बी: आमचे आजोबा सांगत, येळ म्हणजे कन्नडमधले सात. ज्येष्ठापासून मोजा, मार्गशीर्षाची अमावस्या सातवी येते.

भालकीची लेक: मोजणी बरोबर, पण सात म्हणजे ‘एळु’: ए दीर्घ, ळ एकच. तिळाच्या ‘एळ्ळु’त ए ऱ्हस्व आणि ळ जोडलेला. कन्नड कानाला हे दोन वेगळे शब्द आहेत.

रब्बी: मराठीत आल्यावर कुठला राहतो तो जोडाक्षराचा ठसका? आजोबांचा अर्थ मी सोडणार नाही.

प्रमाणप्रेमी: मूळ कन्नड असलं तरी आज सरकारी सुट्टी ‘वेळ अमावस्या’ म्हणूनच मिळते. रुळलेलं ते खरं.

मांजराकाठ: रुळलेलं कुणाच्या तोंडी? कडब्याची कोप, म्हणजे खोपी, करून आत चुन्याने रंगवलेले पांडव म्हणून पाच दगड मांडतात, आंबील शिंपडत ‘ओलगे ओलगे सालम पलगे’ म्हणत रान फिरतात, ती माणसं येळवसच म्हणतात. आंबिलीची बिंदगीसुद्धा कन्नडच, ‘बिंदिगे’. तिला काय घागर करणार?

पुण्यातला औसेकर: शब्द राहू द्या, आधी त्या दिवशीची भाजी, ‘भज्जी’, वाचवा. इथे सगळे भजी समजतात. तुरीचे दाणे, सोलाणे (ओले हरभरे), वाटाणा, मेथी, पातीचा कांदा, चिंचेचा कोळ, वरून डाळीचं पीठ. मोठ्या पातेल्यात रटरटायला हवी. सोबत बाजरीचे उंडे, म्हणजे उकडलेले गोळे.

रब्बी: चिंच? आमच्याकडे आंबट चुका. आणि पीठ ताकात कालवून लावतात.

भालकीची लेक: ताक आंबिलीला. ज्वारीचं पीठ ताकात शिजवून, लसूण-मिरची वाटून घालायची आणि रात्रभर ठेवायची. भज्जीत ताक पडलं की सोलाण्यांची चवच जाते.

रब्बी: निलंग्याकडे येऊन खाऊन बघा, मग बोलू. उंडे तरी बाजरीचेच करता ना, की ज्वारी मिसळता?