मदत हवी आहे: सलग तिसरं कोरडं वर्ष, जंगलालगतची वस्ती आणि वणवा. थांबून लढायचं की आधीच निघायचं?

धागाकर्ता:

मंडळी, वणव्याचा अनुभव किंवा अभ्यास असलेल्यांकडून सल्ला हवा आहे. थोडं लांबलचक होईल, पण वस्तीत सरळ दोन तट पडलेत आणि येत्या बैठकीत काहीतरी ठरवणं भाग आहे.

आमची वस्ती जंगलाला अगदी खेटून आहे. ठिकाणाचं नाव मुद्दाम देत नाही, नाहीतर धागा त्या जागेच्या राजकारणाकडे वळेल. सलग तिसऱ्या वर्षी पावसाने दगा दिलाय. तळं आटत आलंय. आहे ते पाणी माणसांना प्यायला आणि जनावरांना कसंबसं पुरतंय. झाडांनी अवेळी पानं टाकली, काही तर उभ्या उभ्या वाळली. पायाखाली नुसता पाचोळा कुरकुरतो. पलीकडच्या डोंगराला लागलेली आग मध्यंतरी आमच्या दिशेने येत होती, वारा फिरला म्हणून वाचलो. अग्निशमन दल लांब आहे आणि त्यांना एकाच वेळी चार ठिकाणांहून हाका येतात. बाहेर पडायला रस्ता एकच, तोही झाडीतून जाणारा.

एका तटाचं म्हणणं असं, की आपण थांबू, पंप आणि पाइप तयार ठेवू, घरं वाचवू. हे लोक हवेत बोलत नाहीत. पूर्वीचे कितीतरी वणवे यांनीच जाळरेषा (आग पुढे सरकू नये म्हणून मोकळी केलेली पट्टी) काढून आणि ओल्या फांद्यांनी झोडपून विझवलेत. दुसरा तट म्हणतो, हे वर्ष वेगळं आहे, आग दिसायच्या आत निघायचं. माझा कल दुसऱ्या बाजूला आहे, पण 'घाबरट' एवढं ऐकून घेतल्यावर पुढे बोलायला माझ्याकडे नीट मुद्दे नाहीत. शिवाय 'निघा' म्हणणं गाडीवाल्याला सोपं असतं. ज्याची सगळी पुंजी गोठ्यात बांधलेली आहे त्याने काय करायचं?

तर विचारायचं ते असं. पाणीच नसताना कुठली तयारी खरोखर उपयोगी पडते? थांबणं कधी शहाणपणाचं आणि कधी वेडेपणाचं, हे कशावरून ओळखायचं? ज्यांना स्वतःहून हलता येत नाही त्यांची व्यवस्था इतर ठिकाणच्या लोकांनी कशी लावली? आणि जनावरांचं काय?

'शासनाने केलं पाहिजे' हे मान्य आहे, त्यावर वेगळा धागा काढू.

रानवाटा:

पाण्यापासून सुरुवात करतो, कारण बहुतेकांचा सगळा भरवसा तिथेच असतो. मोठ्या वणव्यात पहिली जाते ती वीज, आणि विजेबरोबर पंप. प्लॅस्टिकच्या टाक्या आणि रबरी पाइप आचेने वितळतात. नळयोजना असली तरी तिच्यावर विसंबू नका. २०२३ च्या ऑगस्टमध्ये हवाई बेटांवरच्या लहायनात घरं जळाली तशा त्यांच्या नळजोडण्या फुटून पाणी वाहून गेलं आणि बंबवाल्यांच्या नळांचा दाब पडला. जानेवारी २०२५ मध्ये लॉस एंजेलिससारख्या श्रीमंत शहरात, पॅलिसेड्सच्या उंचावरच्या भागात रस्त्यावरचे अग्निशमन नळ कोरडे पडले. एका वेळी दोन-चार घरं विझवायला आखलेली व्यवस्था अख्ख्या डोंगराला पुरत नाही.

आता चांगली बातमी. घर वाचवणारं बरंचसं काम पाण्याशिवाय होतं. अमेरिकेच्या वनसेवेतले जॅक कोहेन यांनी अनेक वर्षं हाच अभ्यास केला, की एकच आग एक घर खाते आणि शेजारचं का सोडते. त्यातून दिसलं ते असं, की बरीच घरं ज्वाळांच्या भिंतीमुळे पेटत नाहीत. वाऱ्यावर उडून आलेले निखारे पन्हळीतल्या पाचोळ्यात, दारातल्या पायपुसण्यावर, भिंतीला टेकवलेल्या सरपणावर पडतात आणि तिथून घर धरतं. कॅलिफोर्नियातलं पॅरडाइज २०१८ मध्ये जळालं तेव्हा कितीतरी ठिकाणी घर राख आणि बाजूचं झाड हिरवं, असं दृश्य होतं. निखारे दीड-दोन किलोमीटर पुढे उडू शकतात, त्यामुळे जाळरेषा कितीही रुंद काढली तरी ते तिच्यावरून जातात. जाळरेषा काढाच, पण ती जमिनीवरून सरकणाऱ्या आगीसाठी आहे.

भिंतीपासून पाच फुटांत जळण्याजोगं काहीही नको. सरपण, वाळलेल्या वेली, गवताच्या गंजी, प्लॅस्टिकच्या खुर्च्या, सगळं दूर. तिथे उघडी माती किंवा खडी हवी. छप्पर आणि पन्हळी झाडून ठेवा. पोटमाळ्याच्या झडपांना तीन मिलिमीटरची धातूची जाळी लावा, प्लॅस्टिकची नको. तीस फुटांपर्यंत गवत आखूड ठेवा आणि खालच्या फांद्या छाटा, म्हणजे जमिनीवरची आग शेंड्याला चढणार नाही. गवत कापायचं ते सकाळी गारव्यात. यंत्राचं पातं दगडावर घासलं तर ठिणगी पडते, आणि साफसफाई करणाऱ्यानेच वणवा लावला अशी उदाहरणं आहेत. वाळल्या गवतावर गाडीही उभी करू नका, सायलेन्सर पुरेसा तापलेला असतो.

आणि एवढ्या कोरड्यात 'आधीच जाळून टाकू' हा विचार डोक्यात आणू नका. ते काम ओल असलेल्या दिवसांचं.

दक्षिणवारा:

मी ऑस्ट्रेलियात व्हिक्टोरिया राज्यात राहतो. तुमच्या दोन तटांचा वाद इथे मोठी किंमत मोजून झालाय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

इथे अनेक वर्षं लोकांना सांगितलं जायचं, की तयारी करून थांबा, नाहीतर लवकर निघा. ऐकायला समतोल वाटतं. मग ७ फेब्रुवारी २००९ उजाडला. मागे लांबलेला दुष्काळ, त्यात उष्णतेची लाट, मेलबर्नमध्ये त्या दिवशी ४६.४ अंश. एका दिवसात १७३ माणसं गेली, दोन हजारांवर घरं गेली. मेलेल्यांतले बरेच जण आपापल्या घरातच होते. काहींची तयारी उत्तम होती. चौकशी आयोग बसला आणि त्यानंतर धोक्याच्या पातळ्यांत सगळ्यात वरची एक पातळी नव्याने आली. त्या पातळीचा अर्थ असा, की आज कुठलंही घर वाचवता येईल असं गृहीत धरू नका, आदल्या रात्री किंवा पहाटे निघा. आग लागलेली असो वा नसो.

थांबणाऱ्यांसाठी इथलं ग्रामीण अग्निशमन दल जे सांगतं ते तुमच्या बैठकीत वाचून दाखवा. एका घरामागे स्वतःचं, नळावर अवलंबून नसलेलं निदान १०,००० लिटर पाणी. विजेशिवाय चालणारा पंप. किमान दोन धडधाकट माणसं, अंगभर सुती किंवा लोकरी कपडे. आगीचा लोंढा पुढे गेल्यावरही कित्येक तास ठिणग्या विझवत फिरायची ताकद. ज्याच्याकडे हे सगळं आहे त्याने थांबायचा विचार करावा, तोही वाईटातल्या वाईट दिवशी नाही.

सगळ्यात घातक निर्णय कुठला, तर 'थोडं बघू, जवळ आली तर निघू'. पोर्तुगालमध्ये जून २०१७ च्या पेद्रोगाओ ग्रांदेच्या वणव्यात ६६ जण गेले, त्यातले बहुतेक रस्त्यावर, पळता पळता. तुमचा रस्ता एकच आणि झाडीतला आहे, हे वाचूनच पोटात गोळा आला.

डोंगरकडा:

वरच्या सगळ्यांचा आदर ठेवून, मी पहिल्या तटाचा माणूस. परदेशातली मोठमोठी उदाहरणं देऊन गावातल्या माणसाचं कसब मोडीत काढू नका. दल यायच्या आधी पहिली ठिणगी विझवतो तो स्थानिकच. सगळेच निघून गेले तर विझण्याजोगी लहान आगही मोठी होईल.

रानवाटा:

@डोंगरकडा, लहान आग आणि लवकर खबर, तिथे तुमचं शंभर टक्के बरोबर. कसबाबद्दल शंकाच नाही. पण ते कसब ज्या जंगलात कमावलं ते जंगल आता तसं राहिलेलं नाही. एरवी जाड ओंडक्याच्या आत ओल असते, तिथे आग मंदावते. दोन-तीन वर्षांच्या दुष्काळात तोही आतपर्यंत सुकतो, जिवंत पानातलं पाणीही घटतं. मग कमरेएवढी ज्वाळ झाडाच्या शेंड्याला जाते, आणि तिच्यासमोर फांदी घेऊन उभं राहता येत नाही. कंबरेच्या वरची ज्वाळ हातातल्या अवजारांनी अडवायला जायचं नाही, एवढा एक नियम गावाने पाळला तरी खूप.

अनवाणी:

हलता न येणाऱ्यांबद्दल कोणीच लिहिलं नाही म्हणून लिहिते. पॅरडाइजमध्ये ८५ लोक गेले आणि त्यात बहुसंख्य वयस्कर होते. तिथे गाव रिकामं करण्याची योजना कागदावर होती, विभाग पाडलेले होते. पण आग योजनेपेक्षा वेगाने आली आणि रस्ते तुंबले.

पोर्तुगालने २०१७ नंतर 'सुरक्षित गाव, सुरक्षित माणसं' अशा अर्थाचा कार्यक्रम सुरू केला. त्यातलं मला पटलेलं म्हणजे दर गावात त्याच गावातला एक माणूस जबाबदार. कोण एकटं राहतं, कोणाला ऐकू येत नाही, कोणाला उचलून न्यावं लागेल, हे त्याला ठाऊक. गावातच एक आसऱ्याची जागा ठरलेली आणि निघायची रंगीत तालीम झालेली. यात पैसा फार लागत नाही. भांडणं मात्र होतात, कारण यादी करताना 'मला कोणाची गरज नाही' म्हणणारे आजोबा भेटतातच. त्यांना विचारू नका, सोबत कोण येणार एवढंच सांगा.

रस्ता बंद झाला तर दुसरा पर्याय आजच ठरवून ठेवा: नांगरलेलं उघडं शेत, खेळाचं मैदान, पाण्याची कड. २०१९ च्या ३१ डिसेंबरला ऑस्ट्रेलियात मालाकूटा गावाचा एकुलता रस्ता बंद झाला आणि सुमारे चार हजार लोक समुद्रकिनाऱ्यावर थांबून वाचले. नंतर नौदलाच्या जहाजाने त्यातल्या अनेकांना बाहेर काढलं. तुमच्याकडचं आटलेलं तळं यासाठी बघून ठेवा. गाळाची मोकळी जमीन जळत नाही, फक्त काठाचं वाळलं गवत आणि लव्हाळं काढून टाका.

धुरासाठी घट्ट बसणारे एन-९५ मास्क. साधा कापडी रुमाल बारीक कणांना अडवत नाही. दम्याच्या रुग्णांना धूर दिसताच हलवा, आगीची वाट बघू नका.

दक्षिणवारा:

जनावरांचं राहिलं. गोठ्यात कोंडू नका, तो पेटतो. आत्तापासून एक कुरण त्यांना पूर्ण चरून उजाड करू द्या आणि धोक्याच्या दिवशी सकाळीच तिथे सोडा, पाण्याची सोय करून. दावी सोडून टाका, नायलॉनची वेसण वा गळ्यातला पट्टा असेल तर काढा. तो वितळून कातडीत रुततो. आतली फाटकं उघडी, रस्त्याकडचं बंद. रस्त्यावर बावरलेली गुरं आली तर माणसांच्या गाड्या अडकतात. चरून उजाड झालेलं ते कुरण वस्तीच्या वाऱ्याकडच्या अंगाला ठेवलंत तर तुमची अर्धी जाळरेषा गुरांनीच काढली म्हणायची.

कोरडवाहू:

थोडं नंतरचंही सांगतो, कारण कॅमेरे गेल्यावर खरी परीक्षा सुरू होते. आग विझली म्हणून लगेच नळाचं पाणी पिऊ नका. कॅलिफोर्नियातल्या सांता रोझा (२०१७) आणि पॅरडाइजमध्ये जळालेल्या भागातल्या जलवाहिन्यांत बेंझीन हे घातक रसायन सापडलं, आणि पाणी उकळणं हा त्यावर उपाय नाही, उकळताना ते हवेत मिसळतं. पाणी तपासून घेणं हाच उपाय. घरांच्या राखेत शिसं, ॲस्बेस्टॉस असू शकतं, मुलांना त्यात वस्तू शोधायला पाठवू नका.

दुसरं म्हणजे ज्या पावसाची इतकी वाट बघितली तोच पहिल्यांदा घात करतो. उताराची झाडी गेलेली असते, जळलेली माती पाणी मुरू देत नाही. कॅलिफोर्नियातल्या माँटेसिटोमध्ये डिसेंबर २०१७ च्या वणव्यानंतर ९ जानेवारी २०१८ ला जोराचा पाऊस झाला आणि चिखल-दगडांच्या लोंढ्यात २३ जण गेले. ओढ्याकाठची घरं कोणती, याची नोंद अनवाणी म्हणतात त्या यादीतच करा. घराचे, जमिनीचे आणि विम्याचे कागद आजच फोटो काढून गावाबाहेरच्या नातेवाइकाला पाठवा.

धागाकर्ता:

सगळ्यांचे मनापासून आभार. १०,००० लिटरचा आकडा एकदम कामाचा निघाला. सध्या वस्तीतल्या बहुतेक घरांकडे त्याच्या निम्मंही नाही, त्यामुळे 'थांबू' हा वाद कोणाच्या धाडसावर न जाता पाण्याच्या हिशेबावर येईल. कोणी घाबरट ठरत नाही, कोणी मूर्ख ठरत नाही.

@डोंगरकडा, तुमचं म्हणणंही मांडणार आहे. तरण्या, माहितगार मंडळींची टेहळणीची तुकडी करायची, कमरेखालची आग त्यांनी बघायची, आणि धोक्याच्या दिवशी त्यांनीही बाकीच्यांबरोबर निघायचं. ही शेवटची अट त्यांना जड जाईल, ते दिसतंय मला.

भिंतीलगतची सफाई या आठवड्यातच सुरू करतोय, त्याला बैठकीची गरज नाही. तळ्याकाठचं गवत काढायलाही माणसं मिळतील. अडतंय ते इशाऱ्यावर. धोक्याची पातळी सांगणारी अधिकृत सूचना आमच्यापर्यंत वेळेवर पोचेलच असं नाही, आणि वीज गेली की मोबाइलचे मनोरेही जातात. तेव्हा तापमान, हवेतली आर्द्रता आणि वारा बघून 'आज निघायचं' हे गावपातळीवर ठरवायची साधी पद्धत कोणी वापरलीय का? आणि भोंगा, घंटा की घरोघरी माणूस, यातलं रात्रीच्या वेळी प्रत्यक्षात काय चाललं? अनुभव असेल तर जरूर लिहा, बैठक शनिवारी आहे.