शेल मरतो, पण त्याने सुरू केलेले प्रोसेस चालूच राहतात

प्रश्न
सी मध्ये एक छोटा रनर, म्हणजे दुसरी कमांड चालवणारा प्रोग्रॅम, लिहितेय. कमांड १० सेकंदांत संपली नाही तर ती बंद करायची, एवढंच काम. फोर्क (प्रोसेसची प्रत बनवणे; ही प्रत म्हणजे चाइल्ड, मूळ प्रोसेस म्हणजे पेरेंट), चाइल्डमध्ये शेल स्क्रिप्ट एक्झेक (त्याच प्रोसेसमध्ये नवा प्रोग्रॅम सुरू करणे), वेळ संपली की किल(पीआयडी, सिगटर्म), म्हणजे त्या क्रमांकाच्या प्रोसेसला 'बंद हो' असा सिग्नल. शेल (स्क्रिप्ट चालवणारा प्रोसेस) मरतो, पण स्क्रिप्टने सुरू केलेला स्लीप ३०० (३०० सेकंद नुसता थांबणारा प्रोसेस) तसाच राहतो. पीएसमध्ये (चालू प्रोसेसच्या यादीत) त्याचा पीपीआयडी, म्हणजे बापाचा क्रमांक, १ दिसतो. काल रात्रभर चाचण्या लावल्या होत्या, सकाळी असे ४१ प्रोसेस मोजले. आता प्रॉक डिरेक्टरी (जिथे प्रत्येक प्रोसेसची माहिती असते) धुंडाळत एकेकाचा बाप शोधायचा का?

उत्तर १
नको. तुम्ही शोधेपर्यंत आणखी एक फोर्क होऊन गेलेला असेल. बाप मेला की पीपीआयडी बदलतो, पीजीआयडी, म्हणजे प्रोसेस ज्या ग्रुपमध्ये आहे त्याचा क्रमांक, मात्र तोच राहतो. म्हणून ग्रुपलाच धरा. चाइल्डमध्ये एक्झेकच्या आधी सेटपीजीआयडी(०, ०), म्हणजे स्वतःचा नवा ग्रुप, आणि वेळ संपल्यावर किल(-पीआयडी, सिगटर्म). उणे चिन्ह म्हणजे अख्खा ग्रुप.

सेटपीजीआयडी पेरेंटमध्येही करा, (पीआयडी, पीआयडी) असं. फोर्कनंतर आधी कोण धावेल याचा भरवसा नसतो. ग्रुप बनण्याआधीच किल गेला तर ईएसआरसीएच ('असं कोणी नाही' ही एरर) मिळतो आणि कोणीच मरत नाही. पेरेंटला ईॲक्सेस ('परवानगी नाही' ही एरर) आला तर सोडून द्या. चाइल्डचा एक्झेक झालाय, म्हणजे त्याने स्वतःचा ग्रुप आधीच बनवलाय.

आणि कळकळीने सांगतो, किलच्या आधी पीआयडी १ पेक्षा मोठा आहे ना, हे तपासा. व्हेरिएबलमध्ये ० राहिला तर सिग्नल तुमच्याच ग्रुपला जातो. १ असेल तर उणे १ होतो, म्हणजे परवानगी असलेल्या जवळपास सगळ्या प्रोसेसना. मी एकदा असं माझं पूर्ण लॉगिन घालवलंय, न सेव्ह केलेल्या कामासकट.

प्रश्नकर्ती
स्लीप मरतो आता! पण कंट्रोल-सी दाबलं तर फक्त रनर थांबतो, आणि कीबोर्डवरून वाचणारी स्क्रिप्ट मध्येच गोठते.

उत्तर १
टर्मिनल एका वेळी एकाच ग्रुपला फोरग्राउंड मानतो. कंट्रोल-सीचा सिगइंट सिग्नल त्यालाच मिळतो. बाकीच्यांनी, म्हणजे बॅकग्राउंड ग्रुपांनी, वाचायला हात घातला की सिगटीटीआयएन सिग्नल येऊन ते थांबतात. टीसीसेटपीजीआरपी या फंक्शनने टर्मिनल चाइल्डच्या ग्रुपला द्या, काम झालं की परत घ्या. परत घेताना तुम्ही बॅकग्राउंडमध्ये असता, म्हणून सिगटीटीओयू हा सिग्नल तुम्हालाच थांबवेल. तो रनरमध्ये इग्नोर करा, पण चाइल्डमध्ये एक्झेकपूर्वी डीफॉल्टवर आणा, कारण इग्नोर एक्झेकनंतरही टिकतो. हे विसरल्यामुळे मी दोन दिवस भलतीकडेच बग शोधत होतो.

उत्तर २
एक पळवाट उरते. स्क्रिप्टमधल्या कोणी सेटएसआयडी केलं तर ते नव्या सेशनमध्ये (ग्रुपांचा संच), नव्या ग्रुपमध्ये जातं आणि तुमचा उणे पीआयडी त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. लिनक्स ५.१४ किंवा पुढचा असेल तर सीग्रुप (कर्नल एकत्र सांभाळतो असा प्रोसेसचा वेगळा गट) बनवून, स्क्रिप्ट त्यात चालवून, त्याच्या सीग्रुप.किल फाइलमध्ये १ लिहा. पण तो थेट सिगकिल (न अडवता येणारा सिग्नल) असतो, आवराआवरीला वेळ देत नाही. म्हणून आधी ग्रुपला सिगटर्म, मग हे.