मोठीआईच्या 97 वर्षांची पुस्तिका कशी लिहावी?

डोंबिवलीकर (प्रश्न)

नमस्कार. माझी आजी, जिला आमच्या घरातल्या तीन पिढ्या मोठीआई म्हणत आल्या, गेल्या श्रावणात चिपळूणला वारली. वय 97 च्या आसपास होते. तिची मुले, नातवंडे आणि पतवंडे आता बहुतेक मुंबईतच, लालबागपासून डोंबिवलीपर्यंत पसरलेली आहेत. वर्षश्राद्धाला सारी मंडळी दादरला जमतील, तेव्हा घरोघर देण्यासाठी तिच्या आयुष्याची एक छोटी पुस्तिका करावी असे ठरले आणि लिहिण्याचे काम माझ्याकडे आले.

नातेवाइकांकडून आठवणी मागवल्या. "प्रेमळ होती, कष्टाळू होती, दारी आलेल्याला तिने कधी उपाशी पाठवले नाही," असे जवळजवळ प्रत्येकाने लिहून दिले. हे सारे खरे आहे, पण असे तर कोणाच्याही आजीबद्दल लिहिता येईल. आमच्या मोठीआईचे वेगळेपण मला ठाऊक आहे, ते मांडायचे कसे हे मात्र उमगत नाही. आजोबा परळच्या गिरणीत होते आणि वर्षातून दोनदा गावी येत, त्यामुळे शेत, घर, सासूचे आजारपण आणि पाच मुले तिने एकटीने सांभाळली. आतल्या वाड्यांवरची मुले शाळेसाठी आमच्या पडवीत राहात. त्यांच्याकडून ती रोज तिन्हीसांजेला पावकी-निमकी, म्हणजे पाव-अर्ध्याचे पाढे, म्हणवून घेई आणि चुकले तर पुन्हा पहिल्यापासून म्हणायला लावी. त्यांच्यापैकी काही जण आज सत्तरीपलीकडे आहेत आणि तिच्या दहाव्याला आले होते.

दोन अडचणी आहेत. पहिली तारखांची. घरातल्या ट्रंकेतले कागद 22 जुलै 2021 च्या पुरात गेले. माळ्यावर होती म्हणून एक हिशेबाची वही आणि मनीऑर्डरच्या कुपनांचा एक गठ्ठा एवढेच वाचले. लग्नाचे वर्ष थोरल्या आत्या 1947 सांगतात, कारण "रामदास बोट बुडाली त्या साली". धाकटे काका 1948 सांगतात, कारण "गांधीजी गेले त्या साली". दुसरी अडचण अशी की जमिनीवरून दोन भावांमध्ये पुढे जो अबोला झाला, त्याचा उल्लेख करावा की टाळावा? ज्यांनी असे लेखन केले आहे त्यांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

परळ-भोईवाडा

लग्नाच्या वर्षाबाबत तुमच्या आत्या आणि काका दोघेही बरोबर असण्याचा पुष्कळ संभव आहे. रामदास बोट 17 जुलै 1947 रोजी रेवसच्या वाटेवर बुडाली आणि गांधीजींची हत्या 30 जानेवारी 1948 रोजी झाली. इंग्रजी कॅलेंडर धरले तर ही दोन वर्षे. पण गावाकडचे साल गुढीपाडव्याला सुरू होते, आणि शके 1869 हे मार्च 1947 ते एप्रिल 1948 असे चालले, म्हणजे या दोन्ही घटना एकाच सालातल्या. आता एवढेच विचारा की लग्न कोणत्या महिन्यात झाले. माघ किंवा फाल्गुन असे उत्तर आले, तर लग्न 1948 च्या फेब्रुवारी ते एप्रिल या काळातले ठरते आणि दोघांचेही म्हणणे राहते. वाजंत्री लावली होती का, वऱ्हाड कुठून कसे आले, हेही विचारून ठेवा. त्या काळी मुंबईकर मंडळी बोटीने दाभोळला उतरून खाडीतून लाँचने गोवळकोटला येत आणि पावसाळ्यात बोटी बंद असत, त्यामुळे "मुंबईचे पाहुणे बोटीने आले होते" या एका वाक्यानेही पावसाचे महिने वगळता येतात.

हिशेबाची वही वाचली हे तुमचे भाग्य आहे. तिच्यावर वर्ष घातलेले नसले तरी ती वाचता येते. नवे पैसे 1 एप्रिल 1957 पासून आले. ज्या पानांवर रुपये-आणे-पै आहेत ती साधारण त्याआधीची. जिथे दोन्ही हिशेब शेजारी शेजारी दिसतील, ती संक्रमणाच्या वर्षांची, कारण जुनी नाणी आणखी काही वर्षे चालत राहिली. शेर आणि पायलीच्या जागी किलो कुठे सुरू होतो तेही पाहा. ज्या बाईने परक्या मुलांकडून पावकी-निमकी घोकून घेतली, तिने स्वतः नव्या पैशांचा हिशेब कधी आणि कसा शिकून घेतला असेल, हे त्या पानांवर दिसेल, आणि मला विचाराल तर तुमच्या पुस्तिकेतले सर्वांत मोलाचे पान तेच होईल. त्या पानाचा फोटो छापाच.

मनीऑर्डरच्या कुपनांवर टपाल खात्याचे शिक्के असतात, तारखेसकट. ती क्रमाने लावा. रक्कम कधी वाढली, कोणत्या महिन्यात आली नाही, गणपतीआधी जास्त आली का, आणि पाठवणाऱ्याने त्या बोटभर जागेत काय लिहिले, हे पाहात गेलात तर आजी-आजोबांच्या संसाराची दोन्ही टोके एकत्र दिसतील. तुमच्या काकांपैकी कोणी गिरणीत लागले असतील, तर 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाल्यानंतरची कुपने विशेष पाहा. आमच्या घरी त्या वर्षी पैसे यायचे थांबले आणि गावाहून मुंबईला तांदूळ येऊ लागले. गावाकडच्या बायकांनी त्या काळात मुंबईतली घरे कशी तगवली, याविषयी फार कमी लिहिले गेले आहे.

आणखी एक ठाम खूण म्हणजे 11 डिसेंबर 1967 चा कोयनेचा भूकंप. तो पहाटे चारनंतर झाला आणि कोयनानगर तुमच्या गावापासून घाट चढला की आलेच. त्या रात्री घरात कोण कोण होते, कोणाला उचलून अंगणात आणले, कोण तेव्हा पाळण्यात होते, हे सत्तरीतली माणसे आजही न चुकता सांगतात. त्यावरून मुलांची वये लावता येतात.

मोडीवाचक

जन्मतारखेसाठी दोन ठिकाणे सुचवतो. तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात जुनी कोतवाल बुके, म्हणजे गाव नमुना 14, जपलेली असतील तर त्यांत जन्ममृत्यूच्या नोंदी मिळतात. शोध मोठीआईच्या माहेरच्या गावी आणि तिच्या वडिलांच्या नावाने घ्यावा लागेल, कारण बारशाआधी झालेल्या नोंदीत अनेकदा मुलीचे नाव नसतेच, नुसते "मुलगी" एवढेच असते. त्या काळातल्या नोंदी मोडीत असू शकतात. नक्कल मिळाली तर येथे टाका, मी वाचून देईन. ती शाळेत गेली असेल तर शाळेच्या जनरल रजिस्टरमध्येही नोंद असेल, मात्र तिथे 1 जून अशी तारीख दिसली तर तिच्यावर विसंबू नका; प्रवेशाच्या सोयीसाठी गुरुजी ती तारीख सर्रास लिहीत.

पुस्तिकेत तिचे माहेरचे नाव अवश्य द्यावे. लग्नात नाव बदलले गेले आणि पुढे सारे मोठीआई म्हणू लागले, म्हणजे जन्माचे नाव उच्चारणारे आता कदाचित कोणी उरले नसेल.

माहेरवाशीण

दुसऱ्या अडचणीविषयी लिहिते, कारण माझ्या आईच्या स्मरणिकेच्या वेळी हाच प्रश्न आमच्यापुढे होता. भावांच्या अबोल्याचा उल्लेख करायचा की नाही यापेक्षा, त्या सगळ्यात मोठीआई कुठे होती, हे लिहायला हवे. हिंदू उत्तराधिकार कायदा 1956 च्या जूनमध्ये लागू झाला. तुमचे आजोबा त्यानंतर वारले असतील आणि त्यांनी मृत्युपत्र केले नसेल, तर त्यांच्या हिश्श्यात मोठीआई, मुलगे आणि मुली सारेच वारस होते. तलाठ्याकडून त्या वेळचा वारस नोंदीचा फेरफार, म्हणजे जमिनीच्या हक्कात झालेल्या बदलाची नोंद, काढून पाहा. त्यात तिचे नाव आहे का? आत्यांची नावे आहेत का, की त्यांनी हक्कसोडपत्र दिले? आपल्याकडे बहिणींनी सही करून दिली की त्या चांगल्या, आणि मागितले तर माहेर तुटले, असे घडत आले आहे. ही पुस्तिका तुमच्या आत्यांच्याही हातात पडणार आहे. त्यांनी सोडले असेल तर ते सोडले असे एका ओळीत लिहिणे हा त्यांचा मान आहे.

भावांमध्ये कोण चुकले याचा निवाडा पुस्तिकेत करू नये. ते तिचे चरित्र नव्हे. मात्र अबोला होता आणि त्या वर्षांत तिने गणपती कसा केला, दोघांच्या मुलांना एका पंगतीला बसवले की नाही, हे लिहिले नाही तर तिच्या म्हातारपणातले सर्वांत अवघड काम गाळले जाईल. मजकूर छापण्याआधी दोन्ही काकांना वेगवेगळा वाचायला द्या. एखाद्या वाक्याला हरकत आली तर वाक्य बदलावे, पण प्रकरण काढू नये.

आणि पडवीत राहून शिकलेल्या त्या मुलांना आधी भेटा, नातेवाइकांना नंतर. घरच्या माणसांना तिचे प्रेम आठवते, तर बाहेरच्यांना तिची शिस्त, तिचा शब्द, घरातली भांडी आणि वाढण्याची पद्धत आठवेल. पाहुण्यांच्या पानात आणि घरच्यांच्या पानात फरक असे का, हे फक्त तेच सांगू शकतील.

डोंबिवलीकर

सर्वांचा मनापासून आभारी आहे. काल रात्री आत्यांना फोन करून महिना विचारला. "माघातच, आणि वाजंत्री नव्हती, कारण देशात दुखवटा होता," असे त्यांनी क्षणाचाही विचार न करता सांगितले. काकांना हे कळवले तेव्हा ते बराच वेळ आत्यांशी बोलत होते, ही गोष्ट आमच्याकडे गेली अनेक वर्षे घडली नव्हती.

वही उघडली आहे. नव्या पैशांची पाने सापडली. डावीकडे आणे आणि उजवीकडे पैसे असे तिने स्वतः कोष्टक आखले आहे आणि चार आण्यांसमोर 25 हा आकडा दोनदा गिरवला आहे. पडवीत राहिलेल्यांपैकी एक गृहस्थ मुलुंडला राहतात, त्यांच्याकडे येत्या रविवारी जात आहे. माहेरचे नाव अजून मिळालेले नाही. तिच्या धाकट्या बहिणीचे घर गुहागर तालुक्यात आहे, तिथे विचारणार आहे. मोडीवाचक, कोतवाल बुकाची नक्कल मिळताच येथे टाकतो.