बटण दाबायचे पैसे

रात्रपाळी
इंदूरच्या मराठी मंडळींच्या ग्रुपवर परवापासून एक पोस्ट फिरतेय. मला ती चार जणांनी पाठवली, त्यात सख्खी मावशी. पोस्टचं सार असं: विजयनगरच्या पबमध्ये आपल्या घरांतली पोरं डीजे म्हणून नाचतायत, एक बटण दाबायचे रात्रीला १५ हजार घेतायत, दारूत लोळतायत, आणि ज्या घरात संध्याकाळी शुभंकरोती व्हायची तिथला मुलगा आता दुपारी दोनला उठतो. खाली हात जोडल्याची तीन चिन्हं.

दुपारी दोनला उठतो हे खरं आहे. बाकीचं ऐका.

मी ९ वर्षं रेसिडेंट होतो, म्हणजे क्लबाचा रोजचा, पगारी डीजे, २०११ ते २०२०. तीन क्लबांत. म्हणजे जागा एकच, पाट्या तीन. भागीदारांचं फाटलं की पाटी बदलायची, सोफ्यांना नवी कव्हरं चढायची आणि आमचा थकलेला पगार जुन्या पाटीबरोबर खाली उतरायचा. दुसऱ्या खेपेला माझे अडीच महिने बुडाले. विचारायला गेलो तर उत्तर मिळालं, ‘भिया, वो कंपनी अलग थी.’ माणूस तोच, काउंटरमागची खुर्चीसुद्धा तीच.

१५ हजार मुंबई-दिल्लीहून येणाऱ्या पाहुण्या डीजेला मिळतात, खरं तर त्याहून जास्तच. मला सुरुवातीला महिन्याचे ८ हजार होते, आठवड्याचे सहा दिवस. सोडताना २८.

आता बटण. सिंकचं बटण असतं, दोन गाण्यांची लय ते जुळवून देतं, कबूल. पण कुठलं गाणं आणि कधी, हे ते सांगत नाही. रेसिडेंटची खरी कसोटी नऊ ते अकरा. हॉल अर्धा रिकामा, लोक मेन्यू वाचतायत. तेव्हा १००-१०५ बीपीएमवर, म्हणजे मिनिटाला तेवढ्या ठोक्यांवर, रेंगाळायचं आणि सगळ्यांच्या ओठांवरच्या गाण्यांना हातही लावायचा नाही, कारण ती पुढे पाहुण्याला लागणार. त्याच्या हाती फ्लोर तापलेला द्यायचा, जळालेला नाही. आणि एक गोष्ट बाहेर कुणाला ठाऊक नसते. फ्लोर सतत भरलेला ठेवला तर मॅनेजर येऊन झापतो, कारण नाचणारा माणूस पीत नाही. मग दर पाऊण तासाने असं एखादं गाणं टाकायचं, की निम्मे लोक तोंड वाकडं करून काउंटरकडे वळतील पण घरी जाणार नाहीत. हे ज्याला साधतं तो टिकतो. त्यात एखादे साहेब मोबाइलवर गाण्याचं नाव टाइप करून स्क्रीन डोळ्यांत खुपसतात, वर पाचशेची नोट. बर्थडे है भाई का.

लोळणारे डीजे मी पाहिलेत, नाही म्हणणार नाही. माझ्या हाताशी लिंबूपाणी असायचं. पण कान गेला तो गेलाच. हेडफोन डाव्या बाजूला दाबायची सवय, त्यामुळे डाव्या कानात आता कायमची शिट्टी वाजते. २०१८ मध्ये तपासणी केली तर आलेखात ४००० हर्ट्झपाशी खड्डा. डॉक्टर म्हणाले, कारखान्यात असता का? त्यांनीच हिशेब सांगितला: ८५ डेसिबलमध्ये आठ तास चालतं, पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मी होत जाते, १०० ला जेमतेम पंधरा मिनिटं. मी पाच तास उभा असायचो.

मार्च २०२० मध्ये व्हॉट्सॲपवर एक ओळ आली आणि नोकरी संपली. पीएफ नाही, पत्र नाही, हजेरीपट नाही. इथली हुकुमचंद कापड मिल डिसेंबर १९९१ ला बंद पडली आणि कामगारांचे २२४ कोटी डिसेंबर २०२३ ला सुटले. ३२ वर्षं. पण ४८०० जणांची नावं रजिस्टरात होती म्हणून निदान भांडता तरी आलं. माझं नाव दारावरच्या फ्लेक्सवर होतं, तेही चुकलेलं.

तेव्हा पोराचे संस्कार तपासण्याआधी त्याच्या हातात कागद कोणता आहे ते तपासा.

रामबागकर
ती पोस्ट माझी आहे. लपूनछपून लिहिलेली नाही.

चिरंजीव, तुझं सगळं वाचलं. पगार बुडाला, कान गेला, पीएफ नाही, रात्रीची झोप नाही. मग मी वेगळं काय म्हटलं? मी दोन ओळींत म्हटलं, तू दोन पानांत.

आणि कलेचं म्हणशील तर हे लता मंगेशकरांचं जन्मगाव. उस्ताद अमीर खाँसाहेबांचं गाव. तासाभरावर देवासला कुमारजी राहिले. त्या मातीत दुसऱ्याची गाणी एकापुढे एक लावणं याला कला म्हणायचं? मग आमच्या गल्लीतला केबलवालाही कलावंत.

काळी_तबकडी
काका, ‘दुसऱ्याची गाणी’ हा आक्षेप पन्नास वर्षं जुना आहे. शिकागोच्या वेअरहाउस क्लबात फ्रँकी नकल्स दुसऱ्यांच्याच तबकड्या वाजवायचा. त्या क्लबाच्या नावावरून अख्ख्या संगीतप्रकाराला हाउस हे नाव पडलं. टेक्निक्सचा एसएल-१२०० हा टर्नटेबल १९७२ चा, घरात बसून ऐकायला काढलेला. डीजेंनी त्याचं वाद्य केलं. न्यूयॉर्कच्या पॅराडाइज गॅरेज क्लबात १९७७ ते १९८७ लोक डीजे लॅरी लेव्हानसाठी यायचे, गाणी कुणाची याच्याशी त्यांना कर्तव्य नव्हतं. बंदिश दुसऱ्याची असली म्हणून गायक छोटा होतो का?

रामबागकर
हे लेव्हानसाहेब पुढे काय करू लागले?

काळी_तबकडी
गॅरेज बंद पडलं. १९९२ मध्ये वारले. ३८ वर्षांचे होते.

रामबागकर
आभारी आहे.

काळी_तबकडी
हा काय युक्तिवाद झाला?

रामबागकर
आणि तो स्वीडनचा मुलगा, आविची. नातीने सांगितलं. दारूपायी स्वादुपिंड बिघडलं, २०१६ ला दौरे थांबवले आणि २०१८ ला मस्कतमध्ये गेला. २८ वर्षं! त्याला तर कागद, वकील, मॅनेजर सगळं होतं ना, रात्रपाळी?

रात्रपाळी
हे मात्र लागलं. बरं, कागदाने सगळं सुटतं असं नाही. झालं समाधान?

लोकमान्यनगर_ब
विषय डीजेचा निघालाच आहे तर वरातीच्या डीजेबद्दल कुणी बोलेल का? गेल्या लग्नसराईत आमच्या खिडकीखाली रात्री सव्वाअकराला गाडी उभी. कपाटातले पेले वाजत होते. आई ८१ वर्षांची, तिने कानांवर उशा धरल्या.

रात्रपाळी
काका, तो डीजे नाही. तो ट्रक आहे.

लोकमान्यनगर_ब
ट्रकवर दोन फूट अक्षरांत डीजे लिहिलेलं असतं. मी काय वाचायचं?

साउंड_सर्व्हिस
ती गाडी माझीही असू शकेल, म्हणून बोलतो. बोलेरो पिकअप, कर्जाचे हप्ते अजून चालू, चार पोरं कामाला. मुख्यमंत्र्यांनी डिसेंबर २०२३ मध्ये शपथ घेतल्या दिवशी पहिला आदेश भोंग्यांचा आणि डीजेचा काढला. त्या महिन्यात माझी सात बुकिंग गेली. आवाज वाढव म्हणून सांगतो नवरदेवाचा मामा, चालान फाटतं माझ्या नावाने. आणि तुमची ढोल-ताशा पथकं? पन्नास ढोल एका चौकात, तेव्हा पेले वाजत नाहीत?

लोकमान्यनगर_ब
ढोलाची बरोबरी ट्रकशी करू नका. ढोल ही आपली संस्कृती आहे.

साउंड_सर्व्हिस
कानाच्या पडद्याला संस्कृती कळत नाही, साहेब.

ताशावाली
मी पथकात आहे. आम्ही कानांत कापूस घालूनच वाजवतो. यावरून काय ते समजा. (पथकातल्या कुणी हे वाचलं तर मी हे लिहिलेलं नाही.)

लोकमान्यनगर_ब
२००० सालचे ध्वनिप्रदूषणाचे नियम वाचा. निवासी भागात रात्री ४५ डेसिबल. मी खिडकीत मोबाइलवर मोजले, ९४ आले.

साउंड_सर्व्हिस
मोबाइलवर! थर्मामीटरने बीपी पण मोजता का? ४५ म्हणजे तुमच्या घरातला जुना फ्रिजही बंद करावा लागेल. परवाचं बुकिंग तुमच्याच कॉलनीतलं होतं. ‘बेस कमी नको’ असं स्वतः सांगून गेले. नाव सांगू?

लोकमान्यनगर_ब
धमकी देताय? असल्या लोकांमुळेच शहराचं वाटोळं होतंय. रंगपंचमीची गेर, ती रंगाची मिरवणूक बघा, टँकर आणि रंगाच्या मिसाइली कमी होत्या म्हणून त्यातही भिंतीएवढे स्पीकर.

साउंड_सर्व्हिस
धमकी नाही. पण पुढच्या वर्षी तुमच्याकडे बारसं-मुंज निघाली तर हलगी घेऊन या.

छप्पनचा_पोहा
गेरला नावं ठेवायची नाहीत. बाकी काहीही बोला. आणि शहराचं वाटोळं म्हणाल तर २०२२ मध्ये बीआरटीएसवर (बसच्या खास मार्गिकेच्या रस्त्यावर) चोवीस तास बाजार सुरू केला आणि २०२४ मध्ये गुंडाळला. रात्री भूक लागलेल्या माणसाने आता फक्त सराफ्याच्या खाऊबाजारातच जायचं. हे सगळं पबवाल्यांमुळे.

रामबागकर
मंडळी, मूळ विषय काय होता, कुणाला आठवतोय? आणि लोकमान्यनगर, आपण गेल्या गणपतीत मंडपातल्या स्पीकरसाठी सह्या घेतल्या होत्या, त्यात तुमचीही आहे.

कन्सोलमागची
मूळ विषयावर एक. दोघेही ‘पोरगा, पोरगा’ करताय. मी सहा वर्षं वाजवते. मला बुक करताना पहिला प्रश्न सेट कुठला ऐकवतेस हा नसतो, ‘मॅडम, दोन-तीन फोटो भेजो’ हा असतो. पोस्टरवर मी सगळ्यात मोठी आणि पाकिटात सगळ्यात पातळ. मिक्सरला हात लावला की ‘मॅडम, वो हमारा लड़का कर देगा.’ पहाटे तीनला गाडी देण्याचं ठरलेलं असतं, ती येत नाही, आणि मी रिकाम्या रस्त्यावर बाबांशी फोनवर बोलत उभी. बाबा न झोपता बोलत राहतात. त्यांनी मला एकदाही सोड म्हटलं नाही, मी विचारलंही नाही. रात्रपाळीला निदान अडीच महिन्यांचा हिशेब मांडता येतो.

रात्रपाळी
ताई, हे माझ्या लिहिण्यात यायला हवं होतं. आलं नाही.

शुभमंगल_संगीत
सगळेच रडताय म्हणून उलट बाजू. मीही क्लबात सुरुवात केली, दोन वर्षांत बाहेर पडलो. आता फक्त लग्नं. हळद, संगीत, कॉकटेल; उदयपूर, महेश्वर, मांडू. सीझनच्या चार महिन्यांत वर्षाचं निघतं, निपानियात फ्लॅट घेतलाय, स्वतःचं कन्सोल आहे. निम्मे पैसे आधी, उरलेले सेट सुरू होण्यापूर्वी. रात्रपाळी नऊ वर्षं त्याच पाटीखाली का बसला, हे त्याने लिहिलं नाही. पगार बुडाल्यावरही पुन्हा तिथेच गेलास, भाऊ. त्यात मालकाची चूक अर्धी.

रात्रपाळी
लग्नात आजीसाठी जुनं, पुतण्यासाठी पंजाबी, मामासाठी नागीण. ते मला नको होतं. क्लबात बुधवारी, मोजून तीस माणसं असताना, मला हवं ते वाजवता यायचं. एका बुधवारी दीड तास एकही शब्द नसलेलं संगीत लावलं आणि त्या तिसांतले अकरा जण शेवटपर्यंत नाचत होते. त्या बुधवारांसाठी राहिलो. मूर्खपणा म्हण.

शुभमंगल_संगीत
म्हणतोच आहे. पण मलाही असा एक बुधवार आठवतो.

रामबागकर
रात्रपाळी, एक विचारतो, रागावू नकोस. तुझ्या घरी चालत होतं हे?

रात्रपाळी
बाबा पीथमपूरला एका कारखान्यात होते, आठवड्याआड रात्रपाळी. ते पहाटे सहाला यायचे, मी साडेतीनला. त्यांना आई गरम पाणी काढून ठेवायची, मला मात्र दार उघडायला उठावं लागू नये म्हणून किल्ली द्यायची, एवढाच फरक. स्थळ आलं की मावशी सांगायची, ‘मुलगा साउंड इंजिनीअर आहे.’ बाबा मात्र सांगायचे, ‘आमच्याकडे दोघांची रात्रपाळी आहे.’

रामबागकर
तुझ्या वडिलांबद्दल मला आदर वाटतो. पोस्ट मागे घेणार नाही. ‘लोळतात’च्या जागी ‘काही जण लोळतात’ एवढं करतो.

कन्सोलमागची
केवढी ही उदारता.

रामबागकर
टोमणा पोचला. आता कामाचं. वैशाखात नातवाची मुंज आहे, रामबागेतच. सकाळी सनई, ती पेनड्राइव्हवर चालेल. संध्याकाळी पोरांना काहीतरी हवंय म्हणे. बटण दाबायचे किती घेशील?

रात्रपाळी
निम्मे आधी. लेखी.

लोकमान्यनगर_ब
किती वाजेपर्यंत, तेही लिहून घ्या.